लाल गोलातलं मनगट

दूधवाल्याच्या मापावर वच्छलाबाईंचा विश्वास नव्हता. हवामान खात्यावर नव्हता. नवऱ्याच्या, तात्यासाहेबांच्या, एकादशीवर तर मुळीच नव्हता, कारण नेमका उपासाच्या दिवशी शेवेचा डबा हलका व्हायचा. संशय हा त्यांच्या लेखी स्वभावदोष नव्हता, ते घरकाम होतं. केर काढतात तसा रोज थोडा थोडा घ्यायचा, म्हणजे साचून राहत नाही.

या घरकामातून त्यांनी एकच वस्तू वगळली होती. ती म्हणजे टीव्ही. त्यातही 'खडा पहारा' ही शहरातली केबलवरची वाहिनी, कारण तिथं त्यांचा मुलगा बन्सी कामाला होता. बन्सी घरी सांगायचा त्यातलं निम्मं खोटं असतं हे त्यांना ठाऊक होतं. पण तेच बन्सीच्या वाहिनीवर सूटबूटवाला माणूस ओरडून सांगू लागला की त्यांना ते पटायचं. एवढा माणूस घसा फोडून सांगायलाय, तर काहीतरी असल्याबिगर सांगंल का?

त्या संध्याकाळी छावणीजवळच्या त्यांच्या घरात नवरा-बायको भाकरी खात बसले होते आणि सूटबूटवाला ओरडत होता. "सावधान! बांगड्या भरायला घरात येणाऱ्या बायका तुमचं सोनं नेत आहेत का?"

पडद्यावर एका बाईचं मनगट होतं. दुसऱ्या एका बाईच्या हातानं त्यावरची सोन्याची पाटली अलगद सरकवली, बोटांवरून काढली आणि स्वतःच्या मनगटात घातली. तिथं चित्र थांबलं आणि त्या मनगटाभोवती लाल गोल आला. मग पुन्हा पहिल्यापासून. पाटली निघाली, गेली, गोल. पुन्हा निघाली, गेली, गोल.

पाटली काढणारी बाई साध्या फुलाफुलाच्या लुगड्यात होती, डोक्यावर पदर. चेहरा धूसर केलेला. अशी बाई पाहून कुणालाही आपली मावशी आठवावी. ही अडचण वाहिनीच्याही ध्यानात आली असणार, कारण पडद्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात त्यांनी काळ्या बुरख्याचं एक चित्र लावून ठेवलं होतं. उगाच प्रेक्षकांचा गैरसमज व्हायला नको.

"हा मागचा पडदा कुठंतरी पाह्यल्यासारखा वाटायलाय," तात्यासाहेब म्हणाले.

"आपल्याच खिडकीला हाय."

तात्यासाहेबांनी खिडकीकडं पाहिलं, टीव्हीकडं पाहिलं. पाटबंधारे खात्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळं खात्री झाल्याशिवाय ते काही बोलत नसत, आणि झाल्यावरही शक्यतो टाळत. "आन् ज्या हातातली पाटली निघायली, तो हात?"

"तुमच्या बायकोचा."

"टीव्हीत जरा जाड दिसतो," तात्यासाहेब म्हणाले आणि आमटीत भाकरी कुस्करू लागले.

पाटली काढणारा हात जैतुनबीचा होता, हे वच्छलाबाईंना चेहरा न दिसताही कळलं. डाव्या तर्जनीवर काच लागून उमटलेली पांढरी रेघ होती. जैतुनबी मणियार. वच्छलाबाईंच्या माहेरी, सिल्लोडच्या अलीकडं, त्यांचा लग्नातला चुडा जैतुनबीच्या आईनं भरलेला. पुढं वच्छलाबाई शहरात आल्या, जैतुनबीही शहागंजात बांगड्या घेऊन बसू लागली, आणि घरातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक डोहाळजेवण तिच्या हातून गेलं. गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नात ती अशीच बांगड्या भरायला आली होती आणि बन्सीनं हौसेनं मोबाइलवर सगळं टिपलं होतं.

आणि पाटली तिच्या मनगटात जायचं कारण असं की ती त्यांच्या गावाकडची रीतच. हिरव्या बांगड्या आत, पाटली बाहेर, म्हणून भरताना पाटली काढावी लागते. काढलेली पाटली भुईवर ठेवायची नाही, ती लक्ष्मी. शेजारणीच्या हाती द्यायची नाही, नजर लागते. मग भरणारीनंच ती आपल्या मनगटात सांभाळायची, बांगड्या भरून झाल्या की परत चढवायची, आणि जिचा हात भरला तिनं तिला वाकून नमस्कार करायचा. बन्सीच्या मोबाइलात हे सगळं होतं, नमस्कारासकट. टीव्हीवर मात्र लाल गोलाच्या पुढं काही नव्हतं.

थोडक्यात, हात वच्छलाबाईंचा, पाटली वच्छलाबाईंची, खिडकी त्यांची, पोरगं त्यांचं. काय झालं होतं हे साऱ्या शहरात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही जेवता जेवता त्यांनी उष्ट्या हातानं डाव्या मनगटातली पाटली चाचपली.

"हाये ना?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"हाये."

"मंग?"

"हाये," वच्छलाबाई म्हणाल्या, "पन हीच हाये का?"

बन्सी घरी आला तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. "बन्सी, मी कव्हा लुटले गेले रे?"

"आई, ते संग्रहित दृश्य होतं. कोपऱ्यात लिहिलंय तसं."

"कुठल्या कोपऱ्यात?"

"सोफासेटच्या जाहिरातीमागं."

बातमी निराळीच होती. कुठल्याशा बसस्टँडवर गर्दीत एका म्हातारीची पाटली गेली. कुणी नेली, कुणी पाहिलं नाही. पण टीव्हीला दृश्य लागतं, आणि पाटली न दिसणं हे काही दृश्य नव्हे. संपादक म्हणाले, हातातली पाटली निघताना दाखवा. एवढ्या मोठ्या कचेरीत तसं चित्र एकट्या बन्सीकडं निघालं. त्याची त्या दिवशी पाठ थोपटली गेली होती.

"मंग त्यात बांगडीवाली कुठून आली?"

"म्हातारी बांगड्यांच्या दुकानासमोर उभी होती म्हणं."

"आन् बुरखा?"

"ते ग्राफिक्स आहे. ते दुसरा मुलगा करतो." बन्सीनं बूट काढले. "आणि आपण कुठं म्हणतोय की त्या नेतात म्हणून? प्रश्नचिन्ह टाकलंय, आई. आपण फक्त विचारतोय. जैतुनबीचा तर चेहरासुद्धा झाकलाय."

चेहरा झाकला होता हे खरं. पण बांगड्या भरताना कुठली बाई भरणारीच्या चेहऱ्याकडं बघत बसते? ती आपल्या हाताकडं बघते, नाहीतर त्या हाताशी खेळणाऱ्या बोटांकडं. शहरातल्या कितीतरी बायकांना जैतुनबीचा चेहरा अंधुकसाच आठवला असता, पण तर्जनीवरची ती रेघ सगळ्यांना पाठ होती. 'खडा पहारा'नं नेमका चेहरा झाकून हात उघडा ठेवला होता.

सकाळी शेजारच्या आवडाबाई आल्या. येताना वाटीभर शिरा आणला होता. आवडाबाई शिरा दोनच प्रसंगी करत, सत्यनारायणाला आणि दुसऱ्याच्या दुःखाला.

"कळलं बाई. लई वाईट झालं."

"काय झालं? हे बघा की, पाटल्या हातात हायत."

आवडाबाईंनी मनगट हातात घेतलं, उजेडाकडं फिरवलं. "छान केल्यात. आजकाल एक ग्रामच्या ओळखूसुदिक येत नाहीत."

"अवो, खऱ्या हायत."

"व्हय व्हय," आवडाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी शिऱ्याची वाटी पुढं सरकवली.

त्यानंतर दिवसभर फोन वाजत राहिला. नात्यातल्या बायका धीर देत होत्या. वच्छलाबाईंनी पहिल्या काहीजणींना खरं सांगितलं, पण खरं सांगू लागलं की पलीकडची बाई गप्प होते आणि जास्तच मायेनं बोलू लागते, असं त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी नुसतं "असू द्या आता" म्हणायला सुरुवात केली. त्यानं सगळ्यांचंच समाधान होत होतं.

मात्र सिल्लोडहून चतुराबाईंचा फोन आला तेव्हा "असू द्या" म्हणून भागणारं नव्हतं. चतुराबाई म्हणजे होणाऱ्या विहीणबाई. वच्छलाबाईंच्या लेकीचं, सारिकाचं, लग्न त्यांच्या घरात ठरलं होतं, आणि याच पाटल्या सारिकाच्या हातात घालायचं बैठकीत बोलणं झालं होतं.

"पाटल्यांचं काय नाय हो इहीनबाई, आमी पोरीकडं पाहून सोयरीक केली," चतुराबाई म्हणाल्या. "फकस्त काय हाय ते खरं सांगा."

खरं सांगितलं. ते ऐकून चतुराबाई साड्या घ्यायच्या निमित्तानं स्वतःच आल्या. चहा होईपर्यंत त्यांनी वच्छलाबाईंचे दोन्ही हात प्रेमानं हातात धरून ठेवले, आणि बोलता बोलता दोन्ही पाटल्या एकमेकींवर हलकेच आपटून कान लावला. आवाजावरून त्यांचा काय निकाल झाला ते चेहऱ्यावर आलं नाही.

त्या गेल्या तशा वच्छलाबाई सराफ्यात गेल्या.

सोनारानं पाटल्या आत नेल्या, बाहेर आणल्या आणि म्हणाला, "त्याच आहेत, वहिनी."

"अंदाजानं सांगताय का?"

"आमच्या वडलांनी घडवल्यात. त्यांच्या हातचा सांध्याचा डाग मी ओळखणार नाही का?"

वच्छलाबाईंना हलकं वाटलं. हे हलकेपण रिक्षात बसेपर्यंत टिकलं. रिक्षा वळणावर आली तेव्हा त्यांच्या मनात आलं की सोनारानं तपासायला पाटल्या आत कशाला नेल्या होत्या?

जैतुनबी चोर नाही, हे त्यांना आता सोनाराकडूनही कळलं होतं. पण ते कळलेलं एकट्या त्यांनाच होतं. सारिका बाहेरून रोज काहीतरी ऐकून यायची. जैतुनबीला सिडकोत एका घराच्या फाटकावरूनच परत पाठवलं. लग्नसराई असून तिच्याकडं बायका येईनात, आल्या तर हात पुढं करण्याआधी अंगावरचं सोनं नवऱ्याच्या खिशात देऊन मग येत.

"आई, जैतुनबीची सून शिवणकाम करते ना, तिच्याकडचे ब्लाउज बायका परत घेऊन गेल्या. बाह्या लावायच्या राहिलेले सुद्धा. तिचा काय हात दिसला होता टीव्हीवर?"

"नाय."

"आणि दवाखान्यात रुबिना सिस्टर आहेत बघ. काल एका पेशंटबाईनं बोटातली अंगठी काढून नवऱ्याकडं दिली आणि मग त्यांना नाडी बघू दिली."

"सिस्टर काय म्हनल्या?"

"काय म्हणणार? नाडी फास्ट आहे म्हणाल्या."

वच्छलाबाई त्या रात्री बन्सीला जेवण वाढेनात. आधी बोलणं, मग भाकरी. "उद्या तुझ्या टीव्हीवर सांगायचं, वच्छलाबाईच्या पाटल्या हातात हायत म्हणून. न्हाईतर मी येऊन सांगते, तुझ्या सायबापुढं, आन् कुणाच्या पोरानं कुणाच्या आईचा हात दाखवला तेबी सांगते."

बन्सीनं सांगितलं. संपादकांना गोष्ट फारच पसंत पडली.

दुसऱ्या दिवशी सूटबूटवाला दुप्पट ओरडत होता. "'खडा पहारा'चा दणका! आमची बातमी दाखवताच पाटल्या परत!" आणि पडद्यावर जैतुनबीच्या मनगटातली पाटली निघून वच्छलाबाईंच्या मनगटात जात होती. पाटली परत चढवतानाचं खरं चित्र बन्सीकडं होतं, पण ते शोधायला वेळ कुणाला? त्यांनी पहिलंच चित्र उलटं फिरवलं होतं. नीट पाहिलं असतं तर मागं बसलेल्या मामींच्या बशीतला चहा तोंडातून बशीत परत येताना दिसला असता. पण लोक पाटलीकडं पाहत होते.

चतुराबाईंचा लगेच फोन आला. आवाज अगदी मोकळा झाला होता. "देवाची किरपा म्हनायची. पन इहीनबाई, तिला पोलिसात द्यायला पायजे व्हतं."

लग्न सावरलं. पाटल्या खऱ्या ठरल्या. कालपर्यंत जैतुनबीच्या नावापुढं निदान प्रश्नचिन्ह होतं, आता तेही निघालं. चोरी केली, आणि वर टीव्हीला भिऊन परत दिली.

वच्छलाबाई टीव्हीपुढं बसून राहिल्या. त्यांना पहिल्यांदाच त्या सूटबूटवाल्याचा संशय आला. या कामाला त्यांनी आयुष्यात बराच उशीर केला होता.

हळदीचा दिवस जवळ आला. जैतुनबीला निरोप धाडला, ती आली नाही. दुसऱ्यांदा धाडला, तेव्हाही नाही. दुसरी मणियारीण पाहावी असं तात्यासाहेबांनी सुचवलं. पण माहेरापासूनचा चुड्याचा हात ऐन लेकीच्या लग्नात बदलायचा, हे वच्छलाबाईंच्या जिवाला रुचेना. आपल्याला हे चुड्यासाठी रुचत नाही, की आणखी कशासाठी, याचाही त्यांना जरासा संशय आला. तो न तपासताच त्यांनी चप्पल घातली.

शहागंजात, घड्याळाच्या मनोऱ्याकडून आत वळलं की एका बंद दुकानाच्या पायरीवर जैतुनबीची बैठक असे. दांड्यांवर बांगड्या रंगवार लावलेल्या, आणि त्यांच्यामागं ती, भिंतीला पाठ लावून. गिऱ्हाईक नव्हतं. लग्नाच्या दिवसांत तिच्यापुढं गिऱ्हाईक नाही, हे वच्छलाबाई प्रथमच पाहत होत्या.

"काय गं जैतुनबी, निरोप भेटला नाय का?"

"भेटला की."

"मंग आली कामून नाय?"

"पाटल्या एकडाव दिल्या ना मैं वापस," जैतुनबी म्हणाली. "टीव्हीत सगळ्यांनी पाह्यलं. आता पुन्यांदा कुठून आनू?"

वच्छलाबाई पायरीवर टेकल्या. "मी तसं काय म्हनले नाय, तुला ठाव हाय."

"हौ. तुमी कायबी म्हनल्या नाय. तेच तर." जैतुनबीनं एका दांडीवरच्या बांगड्या सारख्या केल्या. "हात तुमचा व्हता, वच्छलाबाई. हातवाली बाई गप बसली, तर लोक काय हाताला इचारतेल?"

"बन्सीच्या नौकरीचं पाहावं लागतं गं."

"हीबी नौकरीच हाय माझी."

वच्छलाबाईंनी विषय बदलावा म्हणून म्हटलं, "मी तुझ्यावर कव्हा तरी संशय घेतला का, सांग."

जैतुनबीनं त्यांच्या मनगटाकडं पाहिलं. "पाटल्या तपासून आनल्या का नाय?"

वच्छलाबाई खोटं बोलू शकल्या असत्या. पण समोरची बाई इतकी वर्षं त्यांचा हात धरत आली होती. "आनल्या."

"काय म्हन्ला सोनार?"

"त्याच हायत म्हन्ला."

"चला," जैतुनबी म्हणाली. "एक साक्षीदार तरी भेटला."

मग तिनं आपलं म्हणणं सांगितलं. घरात ती यायची नाही. घरात पडदे असतात, मोबाइल असतात, आणि घरात काय झालं ते बाहेर कापून कापून येतं. सारिकाला घेऊन वच्छलाबाईंनी इथं यावं. या पायरीवर, भरबाजारात. आणि नवरीच्या आधी नवरीच्या आईचा हात भरायचा, रीतीप्रमाणे, पाटल्या काढून.

"आमच्या घरातली नवरी बाजारात बसून चुडा भरनार?"

"बसायचं नसंल तर नक्को बसू. बांगडीवाल्या लई हायत गावात."

घरी तात्यासाहेबांनी हे ऐकलं आणि पाटबंधारे खात्याचा संयम सोडला. "लोक काय म्हनतील?"

"लोकांचं म्हनून झालंय," वच्छलाबाई म्हणाल्या. "टीव्हीवर. दोनदा."

त्या शनिवारी सारे शहागंजात गेले. तात्यासाहेब नातलगाच्या मयतीला निघावं तशा चेहऱ्यानं आले. आवडाबाई, कुणी बोलावलं नसताना, हातात सोन्याचे बिलवर घालून आल्या. बन्सीला वच्छलाबाईंनी स्वतःच मोबाइल घेऊन उभं केलं. "समदं काढायचं. कापायचं नाय."

त्यानं खरंच सगळं काढलं. पुढं ते 'खडा पहारा'च्या कचेरीत नेऊन दाखवलंही. संपादकांनी थोडं पाहून परत दिलं. म्हणाले, यात काही चोरीलाच जात नाही, मग बातमी कसली?

वच्छलाबाई पायरीवर बसल्या आणि हात पुढं केला. बाजारातली माणसं थबकू लागली. कुणीतरी कुणाला तरी कोपरानं ढोसलं. ज्या हातातून पाटली गेली म्हणत होते तो हात, आणि ज्या हाताभोवती लाल गोल होता तो हात, दोन्ही एका पायरीवर. दोन-चार मोबाइल वर झाले.

जैतुनबीनं आपले दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. "पाटल्या काढा."

"तू काढ की. नेमी तूच काढतीस."

"सोन्याला हात लावायचं सोडलं मैंने."

वच्छलाबाईंनी स्वतः ओढून पाहिल्या. वयानं सांधे सुजले होते, पाटली बोटांच्या मुळाशी येऊन अडली. पुन्हा ओढली, तर कातडं लाल झालं. सारिकानं मदतीला हात घातला तर त्या कळवळल्या. या हातातून पाटली न दुखवता काढणारी एकच बाई होती, आणि ती गुडघ्यांवर हात ठेवून बांगड्यांच्या दांड्या न्याहाळत होती.

आता काय बोलावं लागणार हे वच्छलाबाईंना समजलं. ते वाक्य कापून कसं दिसेल हेही समजलं. या महिन्याभरात त्या तेवढं शिकल्या होत्या.

"जैतुनबी, माझ्या पाटल्या तू काढ, आन् तुझ्या हातात घाल."

"आवडाबाईंना आयकू नाय आलं."

आवडाबाईंनी लगबगीनं ऐकू आल्याची मान हलवली. पण वच्छलाबाईंनी पुन्हा म्हटलं, समोरच्या चपलांच्या दुकानापर्यंत जाईल अशा आवाजात. "माझ्या पाटल्या काढ आन् तुझ्या हातात घाल, जैतुनबी. आमची रीत हाय ती."

मग जैतुनबीची बोटं पुढं आली. तिनं एकेक तळहात चेपला, अंगठा आत दुमडला, आणि काय केलं ते कळायच्या आत दोन्ही पाटल्या तिच्या मनगटात गेल्या. वच्छलाबाईंच्या हातात एकेक करून हिरव्या बांगड्या चढल्या.

"आता नवरी," जैतुनबी म्हणाली. तिनं सारिकाचा पंजा चेपून पाहिला. "हिला बारीक माप लागंल. ते इथं नाय. आतल्या गल्लीत, घरी हाय. आनते."

ती उठली. वच्छलाबाईंच्या पाटल्या मनगटात तशाच, त्यांच्यावर पदर न ओढता, ती गर्दीतून वाट काढत गल्लीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

"गेली की," आवडाबाई म्हणाल्या.

तात्यासाहेब अर्धवट उठले.

"बसा," वच्छलाबाई म्हणाल्या.

"मी जरा पाय मोकळे..."

"बसा म्हन्लं ना."

ते बसले. वच्छलाबाईही बसून राहिल्या. जैतुनबी येणार हे त्यांना ठाऊक होतं, अगदी स्वतःच्या नावासारखं. त्याचबरोबर ही गल्ली पलीकडं दुसऱ्या रस्त्याला निघते, हेही त्यांना आत्ताच आठवलं. तिच्या घराची पायरी त्यांनी आजवर एकदाही चढलेली नव्हती, मग ते जवळ की लांब हे तरी कसं कळावं? बारीक माप लागेल हे तिला आधी कळलं नव्हतं का? सारिकाचा हात तर ती लहानपणापासून भरते. त्यांना स्वतःचा राग आला. पण रागावून मन गप्प बसलं तरी मान कुठं ऐकते? ती गल्लीच्या तोंडाकडं वळली होती, आणि सारिकानं "आई" म्हणून हळूच डिवचलं तरी सरळ होईना. गर्दी थोडी वाढली. कुणीतरी खोकलं. बन्सीचा हात भरून आला म्हणून त्यानं मोबाइल दुसऱ्या हातात घेतला.

बऱ्याच वेळानं जैतुनबी आली. हातात बांगड्यांचा एक जुडगा, मनगटात पाटल्या. चाल तीच, ना घाई ना उशीर झाल्याची कबुली. ती पायरीवर बसली, जुडग्याचा दोरा सोडू लागली आणि वर न बघता म्हणाली, "मान लचकली का, वच्छलाबाई? गल्लीकडंच हाय मगाधरनं."

व्हय, लचकली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ती पळवाट जैतुनबीनंच दिली होती.

"नाय लचकली," वच्छलाबाई म्हणाल्या. "पाहत व्हते."

"काय?"

"येतीस का नाय ते."

सगळ्यांनी ऐकलं. जैतुनबीनं दोरा सोडायचं थांबवून पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

"येनारच व्हते," ती म्हणाली. "पन मुद्दाम उशीर केला. घरी बसून च्या पेले. एक कप झाला, मंग म्हनलं आनिक एक घ्यावा."

"लई साखर टाकून पेली असशील."

"हौ. लई गोड लागला आज."

चपलांच्या दुकानातला माणूस आधी हसला. मग इतरही थोडे हसले, कुणावर हसायचं हे न ठरल्यासारखे. आवडाबाईंनी बिलवरांवर ओढलेला पदर चाचपला, बराच विचार केला, आणि तो बाजूला सारून बांगड्या भरायला सारिकाच्या मागं बसल्या. त्यांच्यामागं आणखी एकीनं पिशवी खाली ठेवली.

जैतुनबीनं सारिकाचा हात मांडीवर घेतला आणि अंगठा आत दुमडला. पाटल्या तिच्याच मनगटात होत्या, बांगड्या चढवताना एकमेकींवर वाजत होत्या, आणि परत द्यायची तिला काही घाई दिसत नव्हती. वच्छलाबाईंनी मागितल्या नाहीत.